आपले घर शोधणाऱ्याला का दिसत नाही?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस वसईतील एका वाडीत राहणारे वयोवृद्ध दांपत्य आमच्याकडे आले होते. दोन्ही मुले परदेशात स्थायिक झालेली, वडिलोपार्जित घराच्या मागील दोन खोल्या वर्षभर बंद. त्या पाहुण्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने द्याव्यात, त्यातून कौले, रंग आणि विहिरीचा पंप यांचा खर्च निघावा, म्हणजे घर विकण्याचा विषय पुन्हा निघणार नाही, असा त्यांचा विचार. धाकट्या मुलाने सुट्टीत येऊन एका संकेतस्थळावर घराची नोंद करून दिली होती. परंतु चार महिन्यांत एकच पाहुणा आला. काका म्हणाले, ‘फादर, आम्ही स्वतः शोधून पाहिले, तर आमचे घर कुठेच दिसत नाही.’ काकींनी हळूच पुढची गोष्ट सांगितली. ‘तुमचे घर कायम पहिल्या पानावर आणून देतो’ असे सांगणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी सहा हजार रुपये आगाऊ दिले होते. तेवढीच रक्कम आणखी द्यावयाची होती.

संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या एका युवकाला सोबत घेऊन आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. वसई, उत्तन, अलिबाग, कोर्लई ते थेट गोव्यापर्यंत आपल्यापैकी अनेक कुटुंबे आज हा जोडधंदा करू पाहत आहेत. म्हणून जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

शोध म्हणजे काय?

एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम यांसारख्या संकेतस्थळांवरील आपल्या घराच्या पानाला ‘लिस्टिंग’ असे म्हणतात. ही पाने टेलिफोन डिरेक्टरीप्रमाणे एका ठरावीक क्रमाने लावून ठेवलेली नसतात. पाहुणा गाव, तारखा आणि माणसांची संख्या लिहितो, त्या क्षणी संगणक त्याच्यासाठी नवी यादी तयार करतो. शनिवार-रविवारसाठी शोधणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला जी यादी दिसते, ती महिनाभर राहू इच्छिणाऱ्या एकट्या माणसाला दिसत नाही.

हे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात चाळणी लागते. मागितलेल्या तारखांना मोकळी नसलेली, तेवढी माणसे न सामावणारी किंवा मागितलेली सोय नसलेली घरे बाद होतात. उरलेल्या घरांचा क्रम दुसऱ्या टप्प्यात लागतो. एअरबीएनबीने या क्रमासाठी मुख्यतः चार गोष्टी पाहिल्या जातात असे जाहीर केले आहे : घराचा दर्जा, त्याची लोकप्रियता, किंमत आणि ठिकाण. याच कंपनीच्या अभियंत्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. पाहुण्याला घर आवडले एवढ्यावर भागत नाही. यजमान त्याला होकार देईल की नकार, याचाही विचार यंत्र करते.

थोडक्यात, ‘हा पाहुणा हे घर घेईल काय, आणि घेतल्यावर समाधानाने परत जाईल काय?’ याचा अंदाज यंत्र बांधत असते. प्रत्येक शोधणाऱ्यासाठी यादी वेगळी असल्यामुळे ‘कायमचे पहिले पान’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही. जी वस्तू नाही ती विकणाऱ्याला पैसे देऊ नयेत, हे सर्वप्रथम सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

आधी चाळणी तपासावी

काका-काकींचे पान उघडून पाहिले, तेव्हा दोष चाळणीतच सापडला. मुलाने ‘किमान तीन रात्री’ अशी अट घातली होती. वसईला येणारा मुंबईचा पाहुणा बहुधा शनिवारी येतो आणि रविवारी परततो. त्याच्या शोधात हे घर येणे शक्यच नव्हते. एका खोलीत वातानुकूलन यंत्र असूनही सोयींच्या यादीत त्यावर खूण केलेली नव्हती, त्यामुळे ‘एसी’ मागणारेही दुरावले होते. आणि घर समुद्राच्या बाजूला असताना नकाशावरील खूण मात्र रेल्वे स्थानकाजवळ पडली होती.

तेव्हा प्रत्येक यजमानाने प्रथम या पाच गोष्टी पाहाव्यात :

१. कॅलेंडर पुढील काही महिन्यांसाठी उघडे आहे काय?
२. किमान रात्रींची अट आपल्या भागातील पाहुण्यांना सोयीची आहे काय?
३. माणसांची संख्या व खाटा बरोबर लिहिल्या आहेत काय?
४. असलेल्या सर्व सोयींवर खूण आहे काय? वाय-फाय, गाडी लावण्याची जागा, स्वयंपाकाची सोय, गरम पाणी, पंखा यांपैकी काहीही क्षुल्लक समजू नये.
५. नकाशावरील खूण योग्य जागी आहे काय?

यासाठी एक रुपयाही लागत नाही. कित्येक घरांचे दुखणे एवढ्यानेच दूर होते.

छायाचित्रे आणि शीर्षक

एअरबीएनबीची सुरुवात २००८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाली. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधील घरांना मागणी का नाही याचा शोध घेताना संस्थापकांच्या ध्यानात आले की छायाचित्रे अंधुक व ओबडधोबड आहेत. ते स्वतः तेथे गेले, घरोघरी जाऊन चांगली छायाचित्रे काढली आणि उत्पन्न वाढले. आजही ही गोष्ट तितकीच खरी आहे. यादीत पाहुण्याला सर्वप्रथम दिसते ते एक छायाचित्र, थोडे शब्द आणि किंमत. तेथे त्याचे बोट थांबले नाही, तर पुढील सर्व मेहनत वाया जाते. घर पाहूनही कोणी उघडत नाही, याची नोंद यंत्र घेत असते.

छायाचित्रे सकाळच्या उजेडात, खिडक्या उघडून, पसारा आवरून काढावीत. प्रत्येक खोलीचे, खाटेचे आणि न्हाणीघराचे छायाचित्र हवेच. पुष्कळ यजमान न्हाणीघर टाळतात आणि पाहुण्याला नेमकी तेथेच शंका येते. पहिले छायाचित्र आपल्या घराचे वेगळेपण दाखवणारे असावे : ओटीवरचा झोपाळा, विहीर, केळीची बाग.

शीर्षकात ‘सुंदर व प्रशस्त घर’ असे लिहून काहीच कळत नाही, कारण सर्वच घरे स्वतःला सुंदर म्हणवतात. ‘वसई किल्ल्याजवळ वाडीतील दोन खोल्या’ असे लिहिले तर पाहुण्याला ठिकाण, परिसर व आकार हे तिन्ही समजतात. मात्र किल्ला खरोखर जवळ असला पाहिजे.

किंमत

किंमत कमी केली की घर वर जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. एअरबीएनबीच्या अभियंत्यांनी २०२० साली लिहिले आहे की, ‘स्वस्त तेवढे वर’ अशी सक्ती यंत्रावर करून पाहिली, तेव्हा बुकिंग उलट घटले. आजूबाजूच्या तशाच घरांच्या तुलनेत किंमत रास्त आहे की नाही, हे महत्त्वाचे.

वर्षभर एकच दर ठेवणे हीसुद्धा चूक होय. आठवड्याच्या मधल्या दिवसांचा दर वेगळा, शनिवार-रविवारचा वेगळा असावा. नाताळनंतरच्या लग्नसराईत परदेशातून आलेल्या नातलगांना खोल्या लागतात. वांद्र्याच्या परिसरात सप्टेंबरमध्ये माउंट मेरीच्या जत्रेचा आठवडा असतो. जुने गोवे येथे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते. अशा दिवसांचे कॅलेंडर व दर आधीच ठरवून ठेवावेत.

दर रात्रीचा आकडा कमी दाखवून स्वच्छतेचे शुल्क भरमसाट लावण्याची युक्ती आता चालत नाही. एअरबीएनबीने एप्रिल २०२५ पासून जगभरातील पाहुण्यांना शुल्कांसह एकूण रक्कम प्रथमच दाखवण्यास सुरुवात केली.

नव्या घराला अभिप्राय नसतात, म्हणून पाहुणे येत नाहीत. आणि पाहुणे येत नाहीत, म्हणून अभिप्राय मिळत नाहीत. हा फेरा तोडण्यासाठी पहिल्या तीन बुकिंगांना २० टक्के सवलत देण्याची सोय एअरबीएनबी नव्या यजमानांना देते. सुरुवातीला ती घेणे शहाणपणाचे ठरते.

उत्तर, होकार आणि शब्द पाळणे

पाहुण्याच्या प्रश्नाला २४ तासांच्या आत उत्तर गेले तरच ते वेळेवर दिलेले उत्तर म्हणून मोजले जाते. ‘सुपरहोस्ट’ हा बिल्ला मिळवण्यासाठी वर्षभरात किमान १० मुक्काम (किंवा दीर्घ मुक्काम असल्यास किमान ३ मुक्कामांत १०० रात्री), ९० टक्के प्रश्नांना उत्तर, एक टक्क्याहून कमी रद्द केलेली बुकिंगे आणि पाचापैकी सरासरी ४.८ गुण लागतात. दर तीन महिन्यांनी याची तपासणी होते. बिल्ल्यापेक्षा त्यामागील सवयी महत्त्वाच्या, कारण क्रम ठरतो तो त्यांच्यावरच.

म्हणून घरी बारसे, लग्न किंवा सण असेल तर ते दिवस कॅलेंडरमध्ये आधीच बंद करावेत. दिवस उघडे ठेवून आलेल्याला नकार देणे, किंवा होकार देऊन मागाहून रद्द करणे, हे सर्वांत महाग पडते. दोन संकेतस्थळांवर नोंद असेल तर दोन्ही कॅलेंडरे एकमेकांना जोडून घ्यावीत, नाहीतर एकाच रात्री दोन कुटुंबे दारात उभी राहतील.

अभिप्राय

एअरबीएनबीवर पाहुणा गेल्यानंतर यजमान व पाहुणा दोघांनाही अभिप्राय लिहिण्यासाठी १४ दिवस मिळतात. दोघांनी लिहिल्याखेरीज किंवा मुदत संपल्याखेरीज एकमेकांचे मत दिसत नाही. ‘आपण लिहिलेत तर आम्हांला मदत होईल’ एवढी विनंती अवश्य करावी. पुतण्या-भाच्यांकडून खोटी बुकिंगे करवून पाच तारे मिळवण्याचा मोह मात्र टाळावा. असे प्रकार उघडकीस आल्यास पान काढून टाकले जाते.

गुण कमी मिळतात ते बहुधा घर साधे असल्यामुळे नव्हे, तर जे वाचले ते न मिळाल्यामुळे. समुद्र पंधरा मिनिटांच्या चालीवर असेल तर तसे लिहावे. पहाटे कोंबडे आरवतात, जिना उभा आहे, उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते, हेही लिहावे. ज्याला ते नको तो येणार नाही, आणि जो येईल तो तक्रार करणार नाही. घराच्या आत कॅमेरा लावण्यास एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून पूर्ण बंदी घातली आहे. बाहेरचा कॅमेरा असल्यास त्याची माहिती पानावर दिलीच पाहिजे.

पैसे देऊन वर जाता येते काय?

काही संकेतस्थळांवर तशी अधिकृत सोय आहे. बुकिंग डॉट कॉमवर निवडक भागीदारांना जास्त कमिशनच्या बदल्यात अधिक ठळक स्थान मिळते. तेथील ‘जीनियस’ योजनेत किमान १० टक्के सवलत द्यावी लागते. यात गैर काही नाही, पण आधी हिशेब करावा. समजा, खोलीचा दर २,५०० रुपये आहे. दहा टक्के सवलत देऊन २,२५० उरले. त्यावर १५ टक्के कमिशन धरले तर ३३७ रुपये ५० पैसे गेले. हातात १,९१२ रुपये ५० पैसे येतात. त्यातून चादरी धुणे, वीज आणि न्याहारी वजा करून काय उरते ते पाहावे व मगच निर्णय घ्यावा.

कायद्याची बाजू

बेकायदा ठरलेले घर शोधातून कधीही नाहीसे होऊ शकते. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याप्रमाणे पाहुण्यांना भाड्याने देण्याच्या घराची नोंदणी बंधनकारक आहे. परदेशी नागरिक मुक्कामास आल्यास २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते. परदेशी पारपत्र असलेले आपले आप्तही यातून सुटत नाहीत. इमारतीत राहणाऱ्यांनी सोसायटीचे नियमही आधी पाहावेत.

काका-काकींच्या पानावर आम्ही किमान रात्रींची अट एकवर आणली, नकाशावरील खूण सरकवली, सोयी भरल्या आणि एका रविवारी मिस्सेनंतर त्या युवकाने नवी छायाचित्रे काढली. उरलेले सहा हजार अर्थातच दिले नाहीत. आधीचे सहा हजार परत आले नाहीत. पुढील तीन महिन्यांत अकरा कुटुंबे राहून गेली. हा आकडा काही मोठा नव्हे. कौलांचा खर्च अद्याप पुरता निघालेला नाही, आणि पावसाळ्यात पुन्हा खोल्या रिकाम्या राहतील हे त्यांनाही ठाऊक आहे. पण पंप नवा बसला. आणि परवा भेटले तेव्हा काका घर विकण्याविषयी काहीच बोलले नाहीत. भिंतीला कोणता रंग द्यावा, एवढेच विचारत होते.