झाकणाला हात लावू नकोस!

‘मामी, तू माझ्या गाडीत बसायचं हं!’ भाच्यानं फर्मान सोडलं, तेव्हा मी आधी गाडीकडे बघितलं आणि मग माझ्या गुडघ्यांकडे. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली लालभडक स्पोर्ट्स कार! चंदीगडला नोकरी लागल्यावर त्यानं हौसेनं सेकंडहँड घेतलेली. आत बसणं म्हणजे पाटावर बसणंच. पण भाचा लाडका, आणि खरं सांगू, हौस मलाही होतीच. हे आणि वन्सं मागून टॅक्सीनं येणार होते.

ही गोष्ट २०२४ च्या जूनमधली. मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे जायचं, जिस्पाला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सुमारे सोळा हजार फुटांवरची बारालाचा खिंड बघून परतायचं, असा बेत होता.

मनालीतून निघताना गाडीखाली हिरवट ओल दिसली. बोट लावलं तर बुळबुळीत, वास गोडसर. सांगावं का? पण मनात आलं, ‘एसीचं पाणी असेल. गाडीतलं आपल्याला काय कळतंय?’ आणि गप्प बसले. जिस्पाला भाच्यानं बॉनेट उघडलं, ‘पाणी कमी झालंय’ म्हणत नळाचं साधं पाणी ओतलं. तेव्हाही मी गप्पच.

दारचा सोडलं आणि खरा चढ सुरू झाला. एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हतेय. झिंगझिंगबारच्या पुढे एका वळणावर काटा लाल खुणेवर गेला आणि बॉनेटमधून वाफच वाफ! भाच्यानं गाडी कडेला घेऊन बंद केली आणि हातात रुमाल घेऊन तो रेडिएटरचं झाकण फिरवायला धावला.

‘झाकणाला हात लावू नकोस!’ मी इतक्या जोरात ओरडले, की मागच्या टॅक्सीतून उतरणारे हेही जागच्या जागी थबकले.

माझ्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी पंगत खोळंबली म्हणून वाफ जिरायच्या आधी कुकरचं झाकण ओढलं होतं. वाफ कोंडलेल्या भांड्याशी घाई करायची नसते, हे मी अंगावर शिकलेय. ती गाडी मला त्या क्षणी कुकरच दिसली!

एक ट्रकवाला थांबला. ‘आंटीजी ने बचा लिया,’ म्हणाला. त्यानं तासभर झाकणाला कुणालाच हात लावू दिला नाही. मग जाड गोणपाट घालून झाकण थोडंसंच फिरवलं, फुस्स करून उरलीसुरली वाफ जाऊ दिली आणि मगच उघडलं. ढिली झालेली होजची क्लिप स्क्रू-ड्रायव्हरनं आवळली. त्याच्याकडचं कूलंट हळूहळू ओतलं. एवढ्यात वन्संचं डोकं ठणकायला लागलं होतं. अशा उंचीवर रात्र काढायची वेळ आली असती तर? विचारानंच पोटात गोळा आला. खिंड न बघताच आम्ही माघारी वळलो.

केलाँगच्या मेकॅनिकनं सगळं समजावून सांगितलं आणि मला हसू आलं. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. आपल्याकडे समुद्रकाठी १०० अंशांना, तर बारालाचाच्या उंचीवर साधारण ८४ अंशांनाच! म्हणून तर तिकडच्या धाब्यांवर राजमा शिजवायला कुकर लागतो. इंजिन तर नव्वद अंशांच्या आसपास तापतंच. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं आणि कूलंट उकळू देत नाही. आमच्या झाकणाचं रबर झिजलेलं, म्हणजे गॅस्केट गेलेला कुकरच म्हणा ना! त्यात क्लिप गळकी आणि कूलंटमध्ये साधं पाणी मिसळलेलं. वर विरळ हवेनं इंजिन नीट थंडही होत नाही. मग उकळणार नाही तर काय?

तेव्हा मैत्रिणींनो, घाटात निघायच्या आधी, गाडी थंड असताना टाकीतलं कूलंट बघून घ्या. गाडीखालचं पाणी रंगहीन असेल तर ते एसीचं. रंगीत, बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे. चवीला गोड लागतं म्हणून मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवा. काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. विचित्र वाटेल, पण इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर पडते. वाफ दिसली तर मात्र गाडी थांबवून इंजिन लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी कधीच ओतू नका, तडा जाऊ शकतो.

परतताना भाचा म्हणाला, ‘मामी, तू ओरडली नसतीस तर माझा चेहराच भाजला असता.’ मी हसले, पण मला मनालीतली ती हिरवट ओल आठवत होती. तेव्हाच बोलले असते, तर ओरडायची वेळच आली नसती. ‘आपल्याला काय कळतंय’ म्हणून गिळलेलं ते एक वाक्य पार सोळा हजार फुटांच्या वाटेवर उकळून वर आलं. आता गाडीखाली थेंब जरी दिसला ना, तरी मी विचारते. हसणारे हसू देत!