काचेपलीकडचा कान

रॉक अँड रोल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एल्विसचे केस, एल्विसची कंबर आणि किंचाळणाऱ्या पोरी. बरोबर ना? पण मला विचाराल, तर मी स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेल्या माणसाकडे बोट दाखवेन. त्याचं नाव सॅम फिलिप्स.

1950 साली सॅमने अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, 706 युनियन अव्हेन्यूवर छोटासा स्टुडिओ थाटला. लग्नं, भाषणं, म्हणाल ते रेकॉर्ड करून द्यायचं, हा झाला पोटापाण्याचा धंदा. खरी ओढ वेगळीच होती. दक्षिणेत तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागाही वेगळ्या. गावात ब्लूज गाणारे एकाहून एक काळे कलाकार होते, पण त्यांचं रेकॉर्डिंग करणार कोण? सॅमने दार उघडलं. बी. बी. किंग, हाउलिंग वुल्फ याच खोलीत गायले.

मार्च 1951. आइक टर्नरचा बँड मिसिसिपीहून आला तो गिटारचा बिघडलेला ॲम्प्लिफायर घेऊनच. प्रवासात त्याची वाट लागली होती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, 'दुरुस्त करून या.' सॅमने स्पीकरच्या कोनात कागद कोंबला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. गिटार घरघरायला लागली आणि सॅमला नेमकी ती घरघरच आवडली! हे गाणं म्हणजे 'रॉकेट 88'. गायक जॅकी ब्रेन्स्टन. शिकागोच्या चेस कंपनीने ते बाजारात आणलं आणि ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत थेट एक नंबरवर गेलं. बरेच जण याला पहिलं रॉक अँड रोल गाणं मानतात. वाद आहेत, चालायचंच.

मासकॉमला आम्हाला शिकवलं होतं, आवाजातली खरखर दिसली की कापा. सॅमचा धडा असा की आधी ऐका, मग कात्री उचला.

1952 मध्ये त्याने स्वतःची सन रेकॉर्ड्स काढली. 5 जुलै 1954 ला तिथे 19 वर्षांचा एल्विस प्रेस्ली उभा होता. सोबत गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक. संथ गाणी काही केल्या जमेनात. ब्रेकमध्ये एल्विसने टाइमपास म्हणून आर्थर क्रूडअप या काळ्या गायकाचं 'दॅट्स ऑल राइट' धमाल करत सुरू केलं, बाकीचे दोघं घुसले. सॅमने विचारलं, हे काय चाललंय? आणि सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून घ्या. बस्स! तो स्वतः गायला नाही, त्याने वाजवलं नाही. फक्त ओळखलं.

नोव्हेंबर 1955 मध्ये त्याने एल्विसचं कॉन्ट्रॅक्ट आरसीएला 35 हजार डॉलर्सना विकलं. पुढे कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश, जेरी ली लुईस सनवर गाजले. नावं पुन्हा वाचा. सगळे गोरे. 1953 मध्ये सनला पहिलं हिट देणारा रूफस थॉमस नंतर उघडपणे बोलला, एल्विस आला आणि आम्ही मागे पडलो. क्रूडअपही वर्षानुवर्षं रॉयल्टीसाठी झगडला. ज्या कानाने दार उघडलं, त्याच कानाने पुढे बाजाराचंही ऐकलं.

2003 मध्ये सॅम गेला. या वीकेंडला हेडफोन लावा. आधी क्रूडअप, मग 'रॉकेट 88', मग एल्विस. क्रम मात्र बदलू नका.