प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्रातील सोनोग्राफी : तत्त्व, उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना :

गर्भवती स्त्रीच्या तपासणीच्या कागदपत्रांत सोनोग्राफीचा अहवाल आता सर्वत्र आढळतो. मात्र त्या करड्या चित्रात नेमके काय दिसते, याविषयी सुशिक्षितांमध्येही अनेक गैरसमज आहेत. सोनोग्राफी म्हणजे गर्भाचे छायाचित्र नव्हे. ते प्रतिध्वनींचे मोजमाप होय. कोणत्याही मोजमापाचे मोल ते कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी केले यावर ठरते. वैद्यकशास्त्राने या यंत्राला कोणता प्रश्न विचारला आणि समाजाने कोणता विचारला, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कार्यतत्त्व :

मानवी कानास सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापुढील कंप्रतेच्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. पोटावरून केलेल्या तपासणीत साधारणतः २ ते ५ मेगाहर्ट्झ कंप्रतेचा ध्वनी वापरला जातो. प्रोबमधील घटक विद्युत्‌दाब मिळताच कंप पावतात व परतलेल्या प्रतिध्वनीचे पुन्हा विद्युत्‌संकेतात रूपांतर करतात. हा दाबविद्युत परिणाम पिएर व जाक क्यूरी या बंधूंच्या १८८० मधील संशोधनामुळे ज्ञात झाला. शरीरातील मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. प्रतिध्वनी १३० मायक्रोसेकंदांनी परतला, तर परावर्तन करणारा पृष्ठभाग सुमारे १० सेंटिमीटर खोल आहे, असे यंत्र गणिताने ठरवते. द्रवातून प्रतिध्वनी येत नसल्याने गर्भजल काळे दिसते, तर हाड पांढरे दिसते. हवेच्या थरातून हा ध्वनी पुढे जात नाही, म्हणून त्वचेवर जेल लावतात.

उगम :

ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये धातूतील दोष शोधणारे औद्योगिक यंत्र शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींवर वापरून पाहिले. भरीव व द्रवयुक्त गाठींचे प्रतिध्वनी भिन्न असल्याचे त्यांना आढळले. पुढे असाध्य कर्करोगाचे निदान झालेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची मोठी द्रवयुक्त गाठ असल्याचे या तंत्राने दाखवले. शस्त्रक्रियेने ती काढता आली. डोनाल्ड, मॅकविकार व ब्राउन यांचा शोधनिबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ‘या स्त्रीस काय झाले आहे?’ हा या यंत्राला विचारलेला पहिला प्रश्न होता.

उपयोग :

गर्भधारणेच्या पहिल्या तिमाहीत गर्भ गर्भाशयातच आहे की बाहेर, हृदयस्पंदन आहे का आणि गर्भाचे वय किती, हे समजते. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान मानेमागील द्रवथराची जाडी मोजतात. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास अवयवांची रचना तपासली जाते. वार गर्भाशयाच्या मुखावर आल्यास प्रसूतीच्या वेळी प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. ही स्थिती आधी कळल्यास शस्त्रक्रियेची तयारी करता येते. डॉप्लर तपासणीने नाळेतील रक्तप्रवाह समजतो. स्त्रीरोगशास्त्रात फायब्रॉइड, अंडाशयातील गाठी, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी व वंध्यत्वाच्या उपचारातील बीजपुटकांची वाढ यांसाठी तिचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी करण्याची शिफारस केली.

मर्यादा :

या तपासणीत क्ष-किरणांसारखे आयनीकारक प्रारण नसते. तथापि ध्वनीमुळे ऊतींत अल्प उष्णता निर्माण होत असल्याने वैद्यकीय गरजेपुरताच वापर इष्ट मानला जातो. निदान तपासणाऱ्याचे कौशल्य, गर्भाची स्थिती व मातेच्या पोटावरील चरबी यांवरही अवलंबून असते. अहवाल निर्दोष असणे म्हणजे बालक सर्वार्थाने निरोगी असल्याची हमी नव्हे. तसेच मातेचा रक्तक्षय, मधुमेह वा रक्तदाब या चित्रात दिसत नाही. सोनोग्राफी झाली म्हणून इतर तपासण्या टाळणे घातक ठरते.

सामाजिक व कायदेशीर बाजू :

‘मुलगा की मुलगी?’ हा समाजाने विचारलेला प्रश्न मात्र वेगळा होता. मुलाचा हव्यास यंत्राहून जुना आहे. यंत्राने त्यास साधन पुरवले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला व २००३ मधील दुरुस्तीने गर्भधारणापूर्व लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तरीही महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ अशी घटत गेली. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ‘फॉर्म एफ’मध्ये करणे बंधनकारक आहे. त्यात तपासणीचे कारण लिहावे लागते. म्हणजेच यंत्राला कोणता प्रश्न विचारला, याची ती लेखी कबुली होय. ही नोंद अपूर्ण ठेवणे निव्वळ कारकुनी चूक मानता येणार नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घेतली.

समारोप :

ज्या प्रतिध्वनीने मातेचे प्राण वाचवण्याची संधी मिळते, त्याच प्रतिध्वनीचा उपयोग मुलीचा जन्म नाकारण्यासाठी झाला. यंत्र दोन्ही वेळा सारखेच होते, प्रश्न बदलला होता. कायदा अयोग्य प्रश्नास मनाई करू शकतो. योग्य प्रश्न विचारण्याची सवय शिक्षणातूनच लागते. उद्याचे पालक असलेले विद्यार्थी आज महाविद्यालयांच्या वर्गांत बसलेले आहेत. सोनोग्राफी काय सांगते, काय सांगू शकत नाही आणि तिला काय विचारू नये, हे त्यांना समजावून देणे हे विज्ञान शाखेइतकेच कला व वाणिज्य शाखांच्या अध्यापकांचेही काम आहे.