ठाणे एक, गावे अनेक

गुरुकुंज मोझरी हे नाव तुकडोजी महाराजांच्या आश्रमामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पोलिसांच्या दफ्तरी मात्र ते तिवसा ठाण्याच्या हद्दीतील एक गाव. मोझरीहून अमरावतीकडे निघाले की पुढे नांदगाव पेठचे ठाणे लागते. तिवसा ठाणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली, नांदगाव पेठ शहर आयुक्तांच्या. एकाच रस्त्यावर दोन सत्ता. प्रवाशाला ही सीमा दिसत नाही. तक्रार घेऊन निघालेल्या माणसाला ती बरोबर आडवी येते.

शेजारच्या लहान गावांनी मिळून पोलीस ठेवावेत, ही कल्पना अमेरिकेत कौतुकाने सांगितली जाते. १९५४ साली कॅलिफोर्नियात लेकवूड शहर स्थापन झाले. त्याने स्वतःचे दल न उभारता लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफशी करार केला आणि पैसे मोजून पोलीस घेतले. पुढे अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. पैसे मोजणारे शहर हिशेब मागू शकते. आपल्याकडे पोलीस हा राज्यसूचीतला विषय. ठाणे कोठे, त्याखाली कोणती गावे, शिपाई किती, हे शासन ठरवते. तिवशाची नगरपंचायत किंवा मोझरीची ग्रामपंचायत ठाणेदार नेमत नाही, त्याचा पगारही देत नाही. मोझरीला पुण्यतिथी महोत्सवात लाखो माणसे जमतात, तेव्हा बंदोबस्ताची कुमक बाहेरून येते. ज्या ठाण्यांतून हे शिपाई उचलले जातात, तेथील गावांनी तेवढे दिवस कमी माणसांवर भागवायचे. त्यांना कोणी विचारत नाही.

म्हणजे पोलीस वाटून घेणे आपल्याला नवे नाही. प्रश्न, त्या वाटपात बोलायचा अधिकार कोणाला, हा आहे. जुन्या गावगाड्यात रात्रीचा पहारा, चोराचा माग, सरकारी निरोप ही कामे महाराकडे आणि हुकूम पाटलाकडे. मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्धच. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते, येथले कायदे निराळे; पण राबणारा कोण आणि हुकूम देणारा कोण, यात फरक नव्हता. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली पोलीस पाटील नेमणुकीने येतो, आणि आज या पदांना आरक्षणही लागू आहे. ठाणे लांब असलेल्या गावात ठाण्याचे कान म्हणजे हाच माणूस. आपल्या कार्यकर्त्यांनी या पदाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे.

मी शाळेत असतानाची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला शेताच्या धुऱ्यावर मारहाण झाली. बाबा त्याला घेऊन ठाण्यात गेले; घरात लिहिता येणारा मी एकटा, म्हणून मीही सोबत. तिथे ऐकले, "धुरा तिकडच्या हद्दीत येते, तिकडं जा." तिकडच्या ठाण्यात विचारले, "मारनारे तुमच्याच गावचे ना? मंग तिथंच द्या." शेवटची एस.टी. निघून गेली होती. पायी परतताना बाबा एवढेच म्हणाले, "मंग आपली हद्द कोनती हाय?"

आज ते उत्तर कायद्यात बसत नाही. ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणे बंधनकारक ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. हद्दीचा घोळ पोलिसांनी आपसांत निस्तरायचा. खबरीची प्रत फुकट मिळते. नकार मिळाला तर लेखी अर्ज अधीक्षकांकडे, आणि तेथेही दाद न लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याची गोष्ट याहून पुढची आहे. १९९५ च्या नियमांतील सातव्या नियमानुसार तपास उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. हे चांगलेच झाले, कारण गावच्या बड्यांच्या ओसरीवर चहा घेणारा जमादार तपासाला आला तर काय होते हे आपण जाणतो. परंतु असा अधिकारी अनेक ठाण्यांत मिळून एक. त्यालाच बंदोबस्त, त्यालाच मोर्चे, आणि तपासाला मुदत साठ दिवसांची. म्हणून पहिल्याच कागदात फिर्यादीची आणि आरोपीची जात स्पष्ट लिहिली पाहिजे. ती राहून गेली की प्रकरण साध्या मारहाणीचे होते, जमादाराच्याच हाती राहते, आणि पुरवणी जबाबासाठी पुन्हा खेटे सुरू होतात. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला याच कायद्याच्या कलम ४ खाली शिक्षा आहे, हे अर्जात नम्रपणे नमूद करावे. त्याचा उपयोग होतो.

वर्गात मी दरवर्षी मुलांना आपल्या गावचे ठाणे, उपविभागीय अधिकारी आणि पोलीस पाटील यांची नावे लिहून आणायला सांगतो. गेल्या वर्षी एका मुलीने ठाणे लिहिले, अधिकारी लिहिला. पोलीस पाटलासमोर तिने लिहिले होते, "माहीत नाही. वस्तीत कधी आले नाहीत."