टॅबवरचा फिल्टर काय पाहतो, काय पाहत नाही

नागपूरच्या महाज्योती संस्थेची एक योजना आहे: जेईई, नीट, एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना मोफत टॅब आणि रोज 6 जीबी डेटा. बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो, त्यामुळे मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांतली मुलंही तिला पात्र ठरतात. टॅब महाज्योतीचा असो, शाळेचा असो की वसतिगृहाचा, त्यावर फिल्टर असेल तर घरच्यांना दोनच गोष्टी वाटतात. एक तर आता काळजी मिटली, नाहीतर पोरावर पाळत बसली. दोन्ही समज पुरते बरोबर नाहीत.

पहिला समज: फिल्टर आहे म्हणजे वाईट काही दिसणारच नाही. मुलानं संकेतस्थळाचं नाव टाकलं की यंत्र आधी डीएनएस नावाच्या नोंदवहीला विचारतं, हे कुठल्या क्रमांकावर राहतं? बरेचसे फिल्टर इथेच बसलेले असतात. नाव बंदीच्या यादीत सापडलं की क्रमांक द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. पानावर काय लिहिलंय हे ते वाचत नाहीत. पत्त्यात एचटीटीपीएस असलं की मजकूर कुलूपबंद जातो. मूल यूट्यूबवर गेलं हे अशा फिल्टरला कळतं, कोणता व्हिडिओ पाहिला ते कळत नाही. म्हणून यूट्यूब एकतर सगळं बंद, नाहीतर सगळं उघडं. मधला मार्ग म्हणून यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड लावतात, पण तोही शंभर टक्के अचूक नाही, हे गूगल स्वतःच सांगतं.

त्यात भाषेची अडचण. काही फिल्टर शब्द पाहून अडवतात, पण त्यांचा भर इंग्रजीवर असतो. बंजारा समाजाच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. ती देवनागरीत लिहितात, मोबाइलवर रोमनमध्येही. तिच्यातली घाणेरडी शिवी फिल्टर ओळखेल, या भरवशावर राहू नये.

याच्या उलट बाजूचा एक समज मला जास्त घातक वाटतो: पान बंद आलं म्हणजे ते वाईटच असणार. बारावीच्या जीवशास्त्रात मानवी प्रजनन आणि प्रजनन आरोग्य हे धडे आहेत, नीटलाही त्यावर प्रश्न येतात. समजा, एखादी मुलगी रात्री त्यातली आकृती शोधतेय आणि पडद्यावर ‘हे पान प्रतिबंधित आहे’ असं येतं. शेजारी भाऊ बसलेला. ती टॅब पालथा घालते आणि पुन्हा तो विषय शोधत नाही. चूक यंत्राची, शरमेनं मान खाली मुलीची.

अशा चुका मोठ्या कंपन्यांकडूनही झाल्या आहेत. इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावाच्या नावात एका शिवीची अक्षरं येतात, म्हणून 1996 साली एओएलच्या फिल्टरनं तिथल्या लोकांची नोंदणीच नाकारली. 1 एप्रिल 2020 ला क्लाउडफ्लेअरनं कुटुंबांसाठी फिल्टर आणला आणि त्यात समलिंगी व्यक्तींना माहिती देणारी संकेतस्थळंही अडकली. कंपनीनं चूक कबूल करून ती सुधारली. तेव्हा बंद पानाचा पत्त्यासकट स्क्रीनशॉट काढून सरांना किंवा मॅडमना पाठवावा. ज्याच्या हातात फिल्टर आहे, त्याला तेवढं संकेतस्थळ मोकळं करता येतं.

ब्राउझरच्या इनकॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीनं फिल्टर चुकवता येतो, हाही मुलांचा एक चुकीचा समज. इनकॉग्निटो फक्त त्या यंत्रावरचा इतिहास ठेवत नाही, बाकी विचारणा त्याच डीएनएस नोंदवहीतून जाते.

आता सुरुवातीचा दुसरा समज, पाळतीची भीती. फिल्टर म्हणजे कॅमेरा नव्हे, पण भीती निराधारही नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळांनी दिलेल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यानं मुलांचे घरातले फोटो टिपल्याचं 2010 साली उघड झालं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. त्यात अपवाद आहेत. म्हणून टॅब घेतानाच विचारून घ्यावं: नोंद कशाची राहते, ती कोण पाहतं, किती दिवस ठेवतात?

आणि टॅबवरचा फिल्टर टॅबपुरताच. तिथे अडलेलं पान मूल त्याच खाटेवर बसून याडीच्या म्हणजे आईच्या मोबाइलवर उघडू शकतं. अँड्रॉइड 9 किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधावं आणि तिथे क्लाउडफ्लेअरच्या त्याच कुटुंब-फिल्टरचा पत्ता भरावा. पैसे पडत नाहीत, दोन मिनिटं लागतात.