बुद्धिदात्याकडे मागणे

आज भाद्रपद शुद्ध चतुर्थी. घरोघरी पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा होईल आणि आरती आटोपल्यावर वडीलधारी मंडळी मुलांना पुढे करून मागणे मागतील, 'देवा, ह्याला चांगली बुद्धी दे.' कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हे मागणे मी ऐकत आलो. त्यात आपण नेमके काय मागतो, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

आपल्या पूर्वसूरींनी बुद्धी ही एकजिनसी मानली नाही. राजशेखर आपल्या 'काव्यमीमांसे'त तिचे तीन प्रकार सांगतो. गतगोष्टींचे स्मरण ठेवणारी ती स्मृती, वर्तमानाचे मनन करणारी ती मती आणि पुढचे जाणणारी ती प्रज्ञा. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात बुद्धीचे सात्त्विक, राजस व तामस असे भेद आहेत. ते चलाखीवरून नव्हेत, कार्य आणि अकार्य यांतील विवेकावरून केलेले आहेत. म्हणजे अवघड हिशेब चुटकीसरशी सोडविणाराही तेथे तामस ठरू शकतो!

तथापि आपल्याकडे सारेच उदार होते, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. पाठशाळेचे दार कोणास उघडे होते, हे आपण जाणतो. राजशेखरानेही शिष्यांत एक वर्ग दुर्बुद्धीचा केला आणि त्याला निळीने रंगलेल्या वस्त्राची उपमा दिली. त्यावर दुसरा रंग म्हणून चढावयाचा नाही. सरस्वतीची कृपा झाली तरच काही आशा.

बुद्धी अंकांत मोजण्याची रीत अलीकडची, आणि तिचा उगम दयाबुद्धीत आहे. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी सिमॉन या सहकाऱ्यासह १९०५ साली सोप्याकडून कठिणाकडे जाणाऱ्या तीस कसोट्या रचल्या, त्या शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना निराळे साहाय्य देता यावे म्हणून. मुलाची बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, या मताचा बिने यांनी १९०९ साली ग्रंथ लिहून निषेध केला. दोनच वर्षांनी ते वारले. पुढे जर्मनीत स्टर्न यांनी भागाकार सुचविला, अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली त्याला शंभराने गुणले, आणि साहाय्यासाठी केलेल्या मापाचा शिक्का झाला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांच्या कसोट्या मराठी व कन्नड मुलांसाठी बेतल्या.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सतरा लाखांवर सैनिकांची अशी परीक्षा घेतली. त्यांत अमेरिकेतील रोजच्या व्यवहारातलेही प्रश्न होते; नुकत्याच तेथे आलेल्याला ते कसे सुटावेत? तरीही त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली दक्षिण व पूर्व युरोपातून आलेल्यांस हीनबुद्धी ठरविले. १९३० साली त्यांनी आपला निष्कर्ष निराधार असल्याचे स्वतःच छापून कबूल केले. पुढे न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली चौदा देशांचे आकडे मांडून दाखविले, की एकाच पिढीत हे अंक बरेच चढले आहेत. मग निळीच्या वस्त्रावर रंग चढला तो कसा?

ब्रिगम यांच्या कबुलीपाशी मी अडखळतो. तरुणपणी माझ्याकडे एक मुलगा संस्कृत शिकावयास येई. वर्ष सरले तरी 'राम' शब्दाच्या विभक्त्या त्याला येईनात. मी त्याच्या वडिलांना म्हणालो, 'ह्याच्या ठायी बुद्धी नाही, वेळ दवडू नका.' ते काही बोलले नाहीत. मुलाचा हात धरून निघून गेले.

पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्या देवळाची दीपमाळ एका अंगाला कलली. पाहावयास जो गवंडी आला, तो हाच. त्याने ओळंबा सोडला, भोवती दोन फेऱ्या घातल्या, पायथ्याची माती चिमटीत घेऊन चुरडली आणि म्हणाला, 'दगडात दोष नाही. अभिषेकाचं पाणी ह्या अंगाला मुरतंय, ते आधी वळवा.' पन्हळ फिरविली, पाया सांधला. दीपमाळ आजही उभी आहे. जाताना तो माझ्या पाया पडला व हसून म्हणाला, 'बुवा, विभक्त्या अजून येत नाहीत हो.'

मी त्याच्या वडिलांची चौकशी केली. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती.