मुलगी इंग्रजीत, मुलगा मराठीत

1990 नंतर अर्थव्यवस्था खुली झाली. इंग्रजी येणाऱ्याला मुंबईत चांगल्या पगाराची नोकरी मिळू लागली आणि सगळ्याच जातींतले पालक इंग्रजी शाळांकडे वळू लागले. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी त्या काळातले दादरच्या शाळांचे पट तपासले, मराठी कुटुंबांची पाहणी केली आणि 2006 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये निष्कर्ष मांडले. खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलींनी इंग्रजी माध्यमाच्या बाबतीत वरच्या जातींतल्या मुलींना जवळजवळ गाठलं होतं. मुलग्यांचं अंतर मात्र फारसं मिटलं नव्हतं. मुलग्याच्या शिक्षणावर आधी पैसा घालणाऱ्या आपल्या समाजात हे घडावं, याचं मला फार नवल वाटलं.

उत्तर कामगारांच्या इतिहासात आहे. गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात पोरगा चिकटायचा तो कुणीतरी शब्द टाकल्यावर. जॉबर, म्हणजे भरती करणारा मुकादम, आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं भरायचा. आधी लागलेला काका पुतण्याला लावायचा, पुतण्या पुढच्याला. यातला एखादा इंग्रजी शिकून कचेरीत गेला, तर कारखान्यात मागच्या पोरासाठी शब्द टाकायला एक माणूस कमी. त्यामुळे मुलग्यांनी बापाचीच वाट धरावी, ही अपेक्षा न बोलताही जाणवत असे. या साखळीत बायकांना फारशी जागा नव्हती, म्हणून मुलींवर असं बंधनही नव्हतं. ज्या वशिल्याने पिढ्यान्पिढ्या पोट भरलं, त्यानेच मुलग्यांना अडवलं.

खेड्यात हेच बंधन पैशाच्या रूपात दिसतं. शहरात मजुरी कितीतरी जास्त असूनही भारतातले पुरुष गाव सोडून कायमचे का जात नाहीत, हा प्रश्न याच दोघांनी 2016च्या निबंधात घेतला. आजारपण आलं, पीक गेलं, की गावात जातभाई उसनवार देतात. कर्ता पुरुष शहरात गेला, की घराची ती पत उतरते.

मुलाला जुन्याच वाटेवर ठेवणाऱ्या बापाला अडाणी किंवा आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचा हिशेब चोख आहे. त्याच्यापुढचे पर्याय तोकडे आहेत. आजारपणाचा खर्च भागवणारा विमा, अडीनडीला बँकेतून वेळेवर मिळणारं कर्ज आणि ओळखीवाचून लागणारी नोकरी, एवढं सरकारने त्याच्या दारात आणावं. मग मुलाला कुठे धाडायचं, हे त्याला कुणी सांगायला नको.